ती वर बघते तेवढा तुकडा

मी, खाली सही करणारा, नाटक कंपनीचा जुना दोरीवाला, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीबद्दल पुढे वाद नको म्हणून डॉक्टरांना दोनदा विचारून घेतले. ते म्हणाले, "काका, शुद्ध आहे, झोप नाही." शिक्षण चौथीपर्यंत. चूकभूल द्यावी घ्यावी.

१. राहत्या दोन खोल्या मुलाला व मुलीला निम्म्या निम्म्या. न्हाणीघर सामाईक. तिथला नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो. मी गेल्यावर तो गळत राहील, याची काळजी मला आतापासून लागली आहे.

२. दोऱ्या, कप्प्या व हातोडी शेजारच्या सुताराला. माझी करवत त्याच्याकडे आधीच आहे. तीही दिली असे समजावे.

३. आमच्या कंपनीचे हिरो, ज्यांना सगळे राजे म्हणतात, त्यांना माझी छत्री. ती मुळात आपलीच, असे त्यांचे म्हणणे आहे.

४. पत्र्याच्या डब्यातली फिल्म. हा आमच्याच नाटकावरचा मूकपट. मेलेल्या नवऱ्याला बायकोच्या हातच्या चहाशिवाय करमत नाही, म्हणून तो भूत होऊन घरी येतो. नाटकात राजे पडद्याआडून भुताचे बोलायचे आणि लोक हसायचे. मूकपटात बोलण्याची सोय नाही, तेव्हा भुताला कप उचलणे भाग पडले. तो मी तुळईवर पालथा पडून काळ्या दोऱ्याने उचलला. बायकोचे काम करणाऱ्या बाईने कपाकडे बघायचे होते. ती मध्येच सरळ वर बघते. पुढे तिचे माझ्याशी लग्न झाले.

मध्यंतरी संग्रहालयाचा माणूस ही फिल्म बघून गेला. म्हणाला, "आजोबा, इथे बाईंची नजर चुकलीय. तेवढा तुकडा काढला की सीन स्वच्छ होईल."

मुलगा म्हणाला, "काढा की. बाबा तरी कुठे दिसतायत त्यात?"

बरोबर आहे, मी दिसत नाही. सबब फिल्म मुलीला. तिने ती संग्रहालयाला जरूर द्यावी, पण हा तुकडा कापणार नाही असे आधी लिहून घ्यावे. मुलाने राग धरू नये, त्याला भिंतीवरचे घड्याळ दिले आहे. डब्याजवळ कोणी काडी ओढू नये. ही जुनी फिल्म भडकन पेटते.

राजे म्हणतात, ती दिव्याकडे बघत होती. मी हिला एकदाच विचारले. ही म्हणाली, "कप थरथरत होता. डोक्यात पडेल म्हणून बघितलं." भाजी निवडता निवडता पुढे म्हणाली, "पण तुमचा हात का हो कापत होता?"

मी नळ बघायला उठलो. पुढे ही गेली आणि उत्तर द्यायचे राहून गेले. निदान तिचे बघणे तरी राहावे.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. गुरुवार, सकाळी, चहानंतर.

सही: दोरीवाला

साक्षीदार पहिला: सही माझ्यासमोर झाली. कलम चार मान्य नाही, ती दिव्याकडेच बघत होती. छत्री आजच नेत आहे. — राजे

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली. कलम चारपर्यंत काकांचा हात स्थिर होता. — डॉक्टर