जोलीनचा ट्युबा सोडवायची मोहीम

८ सप्टेंबर
ठरलं. माझ्या लेकीच्या, जोलीनच्या खांद्यावरचा तो ट्युबा, तो भलामोठा भोंगा, उतरवायचा आणि हातात ट्रम्पेट द्यायचं. पोरीची जात, आणि अंगाला पितळी अजगर गुंडाळून शाळेच्या बँडबरोबर मैदानात कवायत करते! मी शाळेच्या कँटीनमध्ये जेवण वाढते. बँडचं कुठलं पोरगं काय वाजवतं ते ट्रे पुढे करतानाच कळतं. फ्लूटवाल्या चिमणीएवढं खातात आणि कुजबुजतात. ड्रमवाले काट्याने ट्रे बडवतात, डोक्यात नुसता भुसा. ट्युबावाले दुसऱ्यांदा वाढून मागतात. ट्रम्पेटवाले रांग मोडून पुढे घुसतात. पुढे नाव काढतात ते हेच. मी आठवीत शाळा सोडली, पण माणसं ओळखते.

९ सप्टेंबर
जोलीनने आज दुसऱ्यांदा बटाटे मागितले. झालं, लागण झाली.
नवऱ्याला सांगितलं. ड्वेन म्हणाला, अगं, शाळेत मीपण बँडमध्येच होतो, ड्रमवर. म्हटलं, दिसतंय की. त्याला ते कळेपर्यंत जेवण उरकलं.

१५ सप्टेंबर, सकाळ
प्रुइट सरांना गाठलं. बँड त्यांच्याच हातात. ट्रम्पेटच्या एका पोराने झाडावरून पडून हात मोडलाय. देव पावला. सर म्हणाले, वेल्मा, शनिवारची स्पर्धा होऊन जाऊ द्या, मग बघू. म्हणजे हो. मी गोडच बोलले. टेबलावर हात एकदाच आपटला.

संध्याकाळ
जोलीनला बातमी दिली. ती म्हणाली, मला कुणी विचारलं का? आनंद झाला की पोरं अशीच बोलतात. दार आपटून खोलीत गेली. सरावाला बसली असणार.

१८ सप्टेंबर
उद्या स्पर्धा. संकल्प: ओरडायचं नाही. त्या ग्लेंडासारखं हातावर हात ठेवून बसायचं. तिची पोरगी फ्लूट वाजवते, आई पण तसलीच, मिळमिळीत.

१९ सप्टेंबर, शनिवार
संकल्प पाळला. अर्धं गाणं होईपर्यंत. मग बँड ढिला पडतोय असं वाटलं. उभी राहिले, टाळ्यांनी ठेका धरला. ग्लेंडाला कोपराने ढोसलं, मागच्या आईबापांना उठवलं. सगळे टाळ्या वाजवतायत! मी नसते तर बँडचं काय झालं असतं कोण जाणे.

त्याच दिवशी, उशिरा
शेवटचा नंबर. प्रुइट सर पालकांना म्हणाले, कवायतीत पोरांनी ऐकून वाजवायचं नसतं, समोर हात हलवणाऱ्या मुलीकडे बघून वाजवायचं असतं. टाळी मैदानाच्या पलीकडे पोचेपर्यंत उशीर होतो. ड्रमवाले टाळ्यांच्या मागे गेले, फ्लूट ड्रमच्या मागे, आणि ट्रम्पेटवाले भलत्याच रेघेवर जाऊन उभे राहिले. एकटी ट्युबाची रांग हलली नाही.
हे सगळं माझ्याकडे बघून का सांगितलं, कळलं नाही. टाळ्या ग्लेंडा चुकवत होती.
पुढच्या स्पर्धेला मला खाण्याच्या स्टॉलवर उभं राहायला सांगितलंय. प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागे, मैदान दिसत नाही तिथे. जबाबदार बाई हवी असणार.

२१ सप्टेंबर
जिंकले! सरांनी जोलीनला ट्रम्पेट देऊ केलं. म्हणाले, एवढ्या गोंधळात जिचं पाऊल चुकलं नाही, तिला कुठेही उभी करीन.
कार्टीने नाही म्हणून सांगितलं.
तिला घ्यायला गेले होते, गाडीतच विचारलं. म्हटलं, काय सोनं लागलंय त्या अजगराला? नाव नको, मान नको, कुबड तेवढं येईल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, आई, तो खांद्यावर घेतला ना, की कानाशी त्याचाच आवाज घुमतो. स्टँडमधलं काही ऐकू येत नाही. सहावीत वाद्यं वाटली, तेव्हा सर मला ट्रम्पेटच देत होते. मी हा मागून घेतला.
मी म्हटलं, स्टँडमध्ये असं ओरडतं तरी कोण?
तिने माझ्याकडे बघितलं.
रात्री तिला बटाटे वाढले, दुसऱ्यांदा न मागताच.