पेलाभर धारोष्ण दूध

आष्टी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षतास, अण्णाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझं अर्धंच ऐकू येतं, म्हणून हा कागद. महिना झाला, ताप पाहुण्यासारखा येऊन राह्यला. चार वाजता येतो, घामानं अंथरूण भिजवतो, सकाळी गायब. टायफॉईड न्हाई, मलेरिया न्हाई. तुझी काकू केशरबाई म्हणते, कामं चुकवायची सोंगं आहेत. पुतणी रक्त तपासायच्या नोकरीत अन् काका अंदाजावर गोळ्या खातो, हे बराबर न्हाई. बुधवारी तुझ्याकडं रक्त द्यायला येतो.

तुझी चुलतबहीण प्रिया सासरहून, जाफराबादहून आलीय. पाचवा लागला, उलट्यांनी हैराण आहे, म्हणून लवकरच माहेरी आणली. फार जपून राह्यलो तिला.

तुझा,
अण्णा

संभाजीनगर, १८ फेब्रुवारी

ती. अण्णांस, अक्षताचा सविनय जयभीम. वि. वि.

सोंग नाही, असं काकूला सांगा. तुमच्या रक्तात ब्रुसेला निघाला. हा जंतू जनावरांकडून येतो. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. परका जंतू दिसला की त्या त्याला गिळून पचवतात. हा गिळला जातो, पण पचत नाही. त्या पेशीच्याच पोटात आडोसा करून राहतो, तिथंच वाढतो आणि तिच्याबरोबर अंगभर फिरतो. तिथवर औषध पोचायला वेळ लागतो. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन्ही गोळ्या सहा आठवडे घ्यायच्या, ताप गेला तरी. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. जरा बरं वाटलं की तुम्ही डॉक्टरलाच शिकवता!

काकूला फोनवर विचारलं, तर म्हणाली, जनावरांचं अण्णांनाच माहीत. एखादी शेळी गाभडली होती का? दूध कच्चं पिता का? घरात आणखी कोण पितं? लगेच कळवा.

तुमच्या रागालोभाची हक्कदार,
अक्षता

आष्टी, २३ फेब्रुवारी

चि. अक्षतास, जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. डिसेंबरात शेळी गाभडली. मेलेलं पिल्लू मीच हातानं ओढून काढल्तं. दूध आटलं न्हाई, त्याचाच आनंद झाला. उकळलं की दुधातलं सत्त्व जातं, असं कधीतरी एका पुस्तकात वाचल्तं अन् गावभर सांगत आलो.

पोरी, प्रिया पिते. रोज पहाटे धार काढून, ऊब आहे तोवर पेला मीच तिच्या हातात देतो. तिला वास सहन होत न्हाई. नाक दाबून पी, लेकरासाठी पी, म्हणतो. तू लिहिलेला राखणदार मीच की गं.

परवापासून तिलाही ताप आहे. म्हणते, अण्णा, ताप दिला, आता गोळ्यांतही वाटा द्या. हसून राह्यली. मी काय करू?

अण्णा

आष्टी, १९ मार्च

चि. अक्षतास, जयभीम.

पत्र मिळताच तू फोन केलास, तसं आम्ही प्रियाला घेऊन जालन्याला गेल्तो. पुढचं तुला माहीत आहे. लेकरू राह्यलं न्हाई. प्रिया आता गोळ्या वेळेवर घेते. मी मात्र माझ्या सोडल्या होत्या. वाटलं, ही शिक्षा आपल्याला हवीच. केशरबाईनं ओळखलं. म्हणाली, दोघांची आजारपणं काढायची ताकद माझ्यात न्हाई. मंग परत सुरू केल्या.

आता जाफराबादहून प्रियाच्या सासूचा निरोप आलाय: पोरीच्या अंगातच खोट दिसते, एवढ्यात पाठवू नका. प्रियानं ऐकून घेतलं. दूध कुणी पाजलं, हे ती तिकडं बिलकुल सांगत न्हाई. बापाचं नाव पुढं येऊ नये म्हणून खोट अंगावर घेऊन बसलीय.

उद्या पहिल्या एसटीनं जाफराबादला निघालोय. जावयाला, त्याच्या आईला, भावकीला बसवून सांगणार: शेळी माझी, हात माझे, पेला मी दिला. हाकलून दिलं तर देऊ देत. प्रियाला मात्र जालन्याला दवाखान्यात जातो म्हणालोय. खरं कळलं तर ती दारात आडवी होईल.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड होत न्हाई. प्रियावर मात्र ठेव.

अण्णा