मूठ कोणाची

पुएब्ला, २ मे १९८३

ती. ओब्दुलियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, मी सोडून. बाळंतपणात देतात त्या सोआपात्लेच्या पाल्याचं प्रमाण विचारायला हे माझं तिसरं पत्र. तू सुईण, मी जडीबुटीवाला; पण तुझं उत्तर एवढंच, की एक मूठ, चॉकलेटात उकळून. ठेल्यावर बायका विचारतात, मूठ म्हणजे किती चमचे. मी हसून वेळ मारून नेतो. शेजारी मक्याचे तामाले विकणारी म्हणते, बायकांचं औषध विकायला बाप्या बसला की असंच व्हायचं.

आता प्रश्न घरचाच आहे. आपल्या निएवेसचे दिवस भरून वर पाच दिवस झाले. डॉक्टरीणबाई पुन्हा पोट कापायचं म्हणतात, थोरल्याच्या वेळी कापलं तसं. पोरगी ऐकत नाही. आत्याच्या हातून गावभर बाळं सुखरूप आली, मीच तेवढी कापून घ्यायची का, असं मला ऐकवते. शनिवारी सकाळी तिला काढा देतोय. या खेपेला कृपा करून चमच्यांत लिही.

तुझा लोभ आहेच, तो जरा सविस्तर पत्रातून दिसावा.

तुझा फिदेन्सिओ


सान इसिद्रो, ६ मे

चि. फिदेन्सिओस अनेक आशीर्वाद.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरकडे, एलाडिओकडे देतेय. बदल्यात माझी एक कोंबडी गेली.

काढा देऊ नकोस. थोरल्याच्या वेळी सुखरूप सुटली एवढंच मला कळवलं होतंत. कापलं होतं हे आता तिसऱ्या पत्रात, तेही जाता जाता. तीस वर्षं हा पाला विकतोस. किती ते विचारलंस, काय करतो ते कधी विचारलं नाहीस. तो गर्भाशय आवळतो. जुन्या टाक्यावर आवळला तर तिथेच फाटेल. धडधाकट बाईलाही मी कळा सुरू झाल्यावरच देते आणि पोटावर हात ठेवून बसते. आणि मूठ त्या बाईची, विकणाऱ्याची नव्हे.

निएवेसला सांग, माझ्या हातून आलेली बाळं तिला ठाऊक आहेत. ज्या बायांना मी उचलून खाली दवाखान्यात धाडलं, त्या तिला कुणी सांगितल्या नाहीत.

रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई


पुएब्ला, १४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठेला बंद बघून तामालेवालीने एलाडिओला घरी पाठवलं, तेव्हा भांडं चुलीवर होतं. पत्र वाचून मी माझी मूठ निएवेसच्या मुठीशेजारी धरली. तिच्या दोन मुठी माझ्या एकीत बसतात. काढा अंगणात ओतला. ती म्हणाली, अख्ख्या शहराच्या बायकांना चालतो तो पाला बाबांना घरातच कसा चालत नाही. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं.

रविवारी कापून मुलगी झाली. जुना टाका कागदासारखा पातळ झाला होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघी बऱ्या आहेत. मुलीचं नाव तुझंच ठेवलंय. निएवेसचं माझ्याशी मात्र बोलणं बंद.

ठेल्यावर आता मी आधी विचारतो, कुणासाठी, कळा सुरू आहेत का, पूर्वी कापलंय का. बायका म्हणतात, फिदेन्सिओकाका, पाला द्या, पंचाईत करू नका. मग समोरच्या ठेल्यावर जातात, तिथे न विचारता मिळतो. मी करू तरी काय, ते लिही. मुठीत नको.

तुझा फिदेन्सिओ


सान इसिद्रो, १९ मे

चि. फिदेन्सिओस अनेक आशीर्वाद.

चूक माझीही आहे. एक मूठ असं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक बाई बसलेली होती, तिचं पोट माझ्या हाताखाली होतं. कागदावर यातलं काही उतरत नाही, हे मला कळायला हवं होतं.

समोरच्या ठेल्याला थांबवणं तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही. माझ्याने आता पत्रंही लिहवत नाहीत. शनिवारच्या बसने येते, महिनाभर तुझ्या ठेल्यावर बसेन. बायका तुझ्याशी बोलणार नाहीत, माझ्याशी बोलतील. एक खुर्ची काढून ठेव, पाठ टेकायला येईल अशी. निएवेसला सांग, बापाशी खुशाल अबोला धर, पण आत्यासाठी तामाले करून ठेव.

पाल्याचं पोतं आणत नाहीये. रिकाम्या हातांनीच येते. काम त्यांचंच आहे.

धाकट्या ओब्दुलियेला पापा, तुला आशीर्वाद.

तुझी ताई