आषाढातला समुद्र

सांगली
आषाढातला रविवार, दुपार

आण्णा,

इतकी वर्षं तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. तुम्ही होता तेव्हा तुमच्या परमुलखातल्या दुकानाच्या पत्त्यावर नेमानं पत्र टाकायचे. त्यात माझे मार्क असायचे, म्हशीची तब्येत असायची आणि खाली आईचं ठरलेलं वाक्य, जपून राहा. तुम्ही गेलात, लिहिणं थांबलं, आणि पुढे न लिहिण्याचीच सवय झाली. आज लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात आईला घेऊन त्या समुद्राच्या गावाला जाऊन आले. तिथे जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते आईची काळजी करतील, किंवा माझी.

ते गाव तुम्हाला आठवत असेल. मला जे आठवतं ते तसंच होतं की मी पुढे त्यात भर घातली, हे मला नक्की सांगता येत नाही. वर्गातल्या मुली मे महिन्यात कोकणात जाऊन यायच्या, घोडागाडीतले फोटो दाखवायच्या. आपल्याला मे जमायचा नाही. लग्नसराईत लोकांचे जुने दागिने आटवायला यायचे, तेव्हा गलाईचं दुकान सोडून तुम्हाला येता येत नसे. लग्नं थांबली की तुमची सुट्टी, म्हणजे आषाढ. म्हणून आपण विट्याहून एसटीनं कराड, पाटण करत, धुक्यानं भरलेला कुंभार्ली घाट उतरून गेलो ते भर पावसात. भेळेच्या गाड्या उलट्या करून ठेवलेल्या, सुरूच्या झाडांवरचे झोपाळे काढून नेलेले. घोडा कुठेच नाही. मी रडकुंडीला आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "घोडं काय बघायचं गं? आख्खा समुद्र आपला हाय. दुसरं कोण हाय का बघ." आणि खरंच कुणी नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तुम्ही मला घमेल्यात उभं करून माझे पाय धुतलेत, मग स्वतःचे हात त्यातच धुतलेत, आणि ते घमेलं उचलून कोपऱ्यात ठेवलंत. "सांडू नका. बसू दे." दुकानातला तो तुमचा रोजचा नेम. हाताला, कपड्याला सोन्याचा कण लागलेला असणार, म्हणून धुतलेलं पाणी टाकायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "आवं, ह्ये दुकान न्हवं! आता समुद्र गाळून काढता का काय?" तुम्ही ओशाळलात, थोडे चिडलातही. पण पाणी टाकलं नाहीत. सकाळी वाकून पाहिलंत आणि गंभीरपणे म्हणालात, "वाळूच हाय." मग तुम्हालाही हसू आलं.

तुम्ही तिकडे दुकानातच गेलात, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. रेल्वेचा लांबचा प्रवास, कडक उन्हाळा. आम्ही पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. आईनं तुम्हाला शेवटचं पाहिलंच नाही. पुढे दसऱ्याला तुमचे भागीदार, आपल्या गावचे काका, घरी आले. कागदाची पुडी आईसमोर ठेवून म्हणाले, "वैनी, दुकानातल्या चटया, आण्णांचा सदरा, लुंगी, सगळं जाळून राख धुतली. त्यातनं एवढं निघालं. ह्ये तुमच्या हक्काचं." ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं होतं. आईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "सदरा कुठाय?" "जाळला की. आपली रीतच हाय." "एक बी ठिवला न्हाई?" काका चांगला माणूस. तो दाणा ठेवून घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं. आई का रडते आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा मलाही नीटसं कळलं नव्हतं.

आता आई माझ्याकडे असते. हल्ली तिला आत्ताचं आठवत नाही. रोज विचारते, "सुट्टी लागली न्हवं? आलं न्हाईत अजून?" मी रोज सांगत आले, आई, आण्णा गेले. प्रत्येक वेळी ती ते पहिल्यांदा ऐकते. तोंडावर पदर घेते, आणि जेवणापर्यंत पुन्हा विसरते. डॉक्टर म्हणाले, कशाला सांगता? येतील म्हणा. कुपवाडच्या कारखान्यात माझं काम नग तपासायचं आहे. मापात नसलेला नग मी पुढे जाऊ देत नाही, आणि घरी येऊन आईला खोटं सांगायचं, हे मला जमेना. पण हा माझा खरेपणा होता की नुसता हट्ट? त्याची किंमत रोज तीच देत होती. एक दिवस तिनं स्वतःच तोड काढली. "समुद्रावर असतील. पाऊस लागला न्हवं? तितंच बसलं असतील." मी रजा टाकली आणि गाडी ठरवली.

गाव बरंच बदललंय. लॉज झालेत, आणि सगळ्यांना कुलपं. बोटी निळ्या ताडपत्रीखाली बांधून ठेवलेल्या. एका घरगुती खोल्यांच्या बाईंनी दार उघडलं. "आत्ता कशाला आलात हो? घाटावरच्या लोकांचं सगळंच उलटं. मेमध्ये झोपायला अंगणसुद्धा विकत मागता, नाहीतर हे असं." आईनं लगेच सुनावलं, "आमच्या माणसाला तवाच सुट्टी असती, बाई." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली. त्यांनी जेवायला तीन पानं मांडली. तिसरं उचला, असं मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. करडं पाणी, करडं आभाळ, मधली रेघच नाही. आई शालीत गुरफटून बंधाऱ्यावर बसली होती. एकाएकी म्हणाली, "ते बग. लांब चाललंत. हाक मार."

कुणी नव्हतं, आण्णा. मी नीट पाहिलं.

"आई, कुणी नाही तिथे."

"अगं लांब गेलं की! तुजा आवाज जाईल, माजा न्हाई पोचत. हाक मार."

ती उठली, शाल सावरत उतरली आणि सरळ पाण्याकडे निघाली. मी धावत जाऊन दंड धरला, तर तिनं तो हिसडून सोडवला. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कळेना. लाट तिच्या घोट्यांवरून गेली, मग गुडघ्यांपर्यंत आली. तेव्हा मी ओरडले. "आण्णा!" इतक्या वर्षांत हा शब्द मी हाक म्हणून उच्चारला नव्हता. वाऱ्यानं तो कुठल्या कुठे नेला. आई थांबली. कान देऊन उभी राहिली. "ऐकलं त्येंनी," म्हणाली. "येतील मागनं. चल."

खोलीवर बाईंनी घमेलं दिलं. मी आईचे पाय धुतले आणि पाणी टाकायला उचलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "टाकू नगं. बसू दे." मी घमेलं कोपऱ्यात ठेवलं.

सकाळी ती त्यावर वाकली. पाणी निवळलं होतं. "वाळूच हाय," ती म्हणाली, अगदी तुमच्या सुरात, आणि हसली. मग पाण्यात बोट बुडवून हळूच म्हणाली, "एक सदरा तेवडा ठिवायला पायजे हुता गं तुज्या काकांनी." घाट चढून परत येईपर्यंत तिनं तुमच्याबद्दल काही विचारलं नाही. घरी आल्यावर पुन्हा विचारायला लागली. काल मी "येतील" म्हणाले. ते खोटं आहे हे आमच्यातल्या एकीला नक्की माहीत आहे. दोघींना असेल, तर ती माझ्यावर दया करते आहे.

हे कुठे टाकणार? दुकान आता दुसऱ्याच कुणाचं आहे. वहीतच राहील. एवढं मात्र तुमच्यापाशी कबूल करते. त्या सकाळी आई उठायच्या आधी मी उठले होते. घमेल्यात हात घातला आणि तळाची वाळू चिमटीत घेऊन, खिडकीशी उजेडात नेऊन पाहिली.

उद्या: धुण्याच्या बाईंना सांगायचं, आईची समुद्रावरची शाल धुवायची नाही.