खालच्या तुकड्याचं गवत

दादा, यंदा खालच्या तुकड्यातलं गवत मी वेळेवर कापलं होतं. एवढं आधी सांगते, कारण पुढचं सगळं माझ्या हातून बिघडलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. माझा संसार टिकला नाही, मी माहेरी परत आले, तेव्हापासून गोठा माझ्याकडेच. खर्ड्याच्या वरच्या अंगाचा आपला माळ अजून तीन तुकड्यांत आहे. तुम्ही रचलेल्या दगडांच्या ओळी मी हलू दिल्या नाहीत. पावसाळ्यात आधी वरचा मुरमाड तुकडा चारायचा, तो खुरटला की मधला, आणि ओढ्याकाठचा खालचा तुकडा नवरात्रापर्यंत बंद. त्याचं गवत वाळवून गंजी लावायची, ती उन्हाळ्यासाठी. मधले दिवस ज्वारीच्या कडब्यावर. वर्षाची ही आखणी तुम्ही कधी कागदावर मांडली नाहीत, पण गायींनाही ती पाठ होती.

मी सहावीत होते. श्रावणात बांधावर मैत्रिणीशी बोलत बसले आणि गायी बंद तुकड्यात शिरल्या. तुम्ही येता. मारत नाही, आवाजही चढवत नाही. गायी बाहेर काढता आणि मला तुडवलेल्या मारवेल गवतापाशी नेऊन उभं करता. "आज लई खुशीत चारलंस," तुम्ही म्हणता, "चैतात त्या तुज्या तोंडाकडं बगत्याल, तवा काय सांगशील?" त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्या मुठीत बसेल असा लहान विळा आणलात. फडताळात ठेवून दिलात.

यंदा नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, गवत कुसळ धरायच्या आत, शेजारच्या दोघी बायका घेऊन मी कापणी केली. चौथ्या दिवशी पाऊस आला तो आठवडाभर हललाच नाही. कापलेलं गवत जमिनीला चिकटून पडलं. ऊन पडल्यावर उलथून पालथं केलं, पण दोनच दिवसांत पुन्हा आभाळ भरलं. तुमचा धाकटा लेक केडगावहून रोज फोन करायचा, पाऊस सांगितलाय, आवरून घे म्हणायचा. मी आवरून घेतलं. गंजी लावल्यावर पाचव्या दिवशी तुमच्यासारखा कोपरापर्यंत हात आत घातला. आत ऊब होती, नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखी. म्हणजे ओल राहिली होती; गंजी मोडून पुन्हा पसरायला हवी होती, हे मला कळत होतं. पण वर आभाळ काळं, शेजारच्या दोघी ऊसतोडीला निघून गेलेल्या, आईचे गुडघे धरलेले. मी हात बाहेर काढला आणि वरून ताडपत्री ओढली. निवेल आपोआप, असं स्वतःला सांगितलं.

पाण्यानं ज्वारीची पेरणी लांबली, कडबा हाती यायला उशीर होणार होता. म्हणून माघातच गंजी फोडावी लागली. वरचा थर चांगला होता. मधे सगळं काळं, मूठभर उचललं की पांढरी धूळ उडायची. मी झाडून, निवडून घालत राहिले. दुसरं काय घालणार होते? तांबडी गाय गाभण होती, सातवा महिना. एका सकाळी दावणीला जाते तर ती गाभडलेली, अर्धवट वाढलेलं वासरू पडलेलं. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी पेंढी नाकाशी नेली आणि विचारलं, कधीपासून घालताय? आईच म्हणाली, "पावसानं नासलं ओ सगळं. पोर लई राबली." मी ते तसंच राहू दिलं.

फाल्गुनात धाकटा टेम्पो घेऊन आला. कोल्हारला आत्याकडे पाटाचं पाणी आहे, हिरवा चारा आहे, जनावरं तिथं राहतील असं त्याचं आणि आत्याचं ठरलं होतं. तो चुकीचं काही बोलत नव्हता. "किती दिस झाडझूड करून घालशील?" तो म्हणाला. "पाऊस पडला की आनू परत." मी एकेकीचं दावं सोडलं. चार गायी फळीवरून चढल्या. तांबडी चढेना. त्यानं दोर ओढला, मागून ढकललं, ती पाय रोवून उभी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. दादा, मी टेम्पोच्या पुढच्या बाजूला गेले आणि तिला हाक मारली. माझ्या हाकेसरशी ती निमूट चढली.

आता आत्या फोनवर सांगते, जनावरं रुळली, दुधाला चांगली आहेत. परत आणायचा विषय कुणी काढत नाही, मीही नाही. आई गोठ्याकडे पाठ करून बसते. मी कधीतरी माळावर जाऊन येते. कुठला तुकडा बंद आणि कुठला उघडा, याला काही अर्थ उरलेला नाही, तरी पाय त्याच क्रमानं जातात.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, वहीतच राहील. एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. गायी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन पार अंगणात आलं होतं. कितीतरी वर्षांत इतकी गाढ झोपले नव्हते. अंथरुणात पडल्या पडल्या आठवलं की उठून कुणाला काही घालायचं नाही, आणि दादा, मला बरं वाटलं.