टाकी तयार झाली की

४ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

घशाच्या डॉक्टरांनी आणखी तीन महिने तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. चाळीस वर्षं व्यवस्थापनाला जे जमलं नाही, ते त्यांनी बोटभर आरसा घशात घालून करून दाखवलं. फोनवर तुला नुसता घोगरा श्वास ऐकवण्यापेक्षा पत्र बरं.

आईचं विसरलेलो नाही. तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं की तीन महिने ती माझ्याकडे. शब्द दिला आहे. बाहेरची खोली रिकामी केली, संघटनेची कपाटं आत ढकलली. पण ती दिवसभर पडून बघणार काय? समोर भिंत, आणि भिंतीवर मोर्चाच्या फोटोत मी, तोंड उघडं. म्हणून तिथे समुद्राच्या पाण्याची एक छोटी टाकी ठेवायचं ठरवलं आहे. प्रवाळ, चार गोगलगायी, पुढेमागे एखादा मासा. टाकी तयार झाली की आईला आणतो.

दुकानदार म्हणतो, पहिलीच आहे तर मोठी घ्या, छोटी सांभाळायला अवघड. मी पाटीवर लिहून विचारलं, जगात असा कोणता दुकानदार आहे जो छोटी घ्या म्हणतो? तो हसला आणि मला फेस काढणारं यंत्र, तीन तऱ्हेचे दिवे आणि पंपांची अख्खी रांग दाखवली. माझं डोकं फिरलं. डायलिसिसच्या पाण्याच्या प्लांटवर तू वीस वर्षं काढलीस. आपल्या घरात पाण्यातलं कळणारी तू एकटी. काय घेऊ, काय नको, ते लिही.

आशीर्वाद आहेतच, उत्तराची तेवढी घाई आहे.
दादा

११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डबा खाऊन वीस मिनिटं उरतात, त्यात हे लिहिते आहे. प्लांटच्या खोलीत पंपांचा असा घरघराट आहे की इथे तुझं भाषणसुद्धा कुणाला ऐकू गेलं नसतं.

दुकानदाराचं खरं आहे. पाणी कमी असलं की चूक लगेच अंगावर येते. साठ लिटरची घे, त्याहून लहान नको. फेस काढणारं यंत्र राहू दे. एवढ्याशा टाकीत दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदललंस तरी भागेल. दिवा मात्र चांगला घे, प्रवाळ उजेडावर जगतं. हीटर साधा चालेल, पण वेगळ्या कंट्रोलरला जोड. चालू राहून अडकला तर आतल्या सगळ्यांना उकडून काढेल. पंप एक मोठा नको, छोटे दोन. मीठ कालवायला नळाचं पाणी अजिबात नको, आरओचंच. खारटपणा बघायला डोळ्याला लावायचा रिफ्रॅक्टोमीटर घे, तरंगती काचेची नळी फसवते. आणि वायरी सॉकेटच्या खाली झोल देऊन वर ने, म्हणजे पाण्याचा थेंब झोलातूनच गळेल.

आई बरी आहे. तुला संघटनेतले लोक भोंगा म्हणतात हे तिला फार आवडतं. काल म्हणाली, भोंगा बंद आहे तर त्याच्या शेजाऱ्यांची तब्येत सुधारली असेल.

ऑपरेशन १२ जुलैला. रजा मिळाली आहे. उजवा हात आता डोक्यापर्यंत जात नाही, वेणी शेजारीण घालून देते. आईला मात्र त्याच हाताने उचलते, तेव्हा तो कसा जातो कोण जाणे.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर सांभाळायला माझ्याकडे सध्या एकच हात आहे.
तुझी,
ठकू

३ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझी यादी ठरावासारखी एकमताने मंजूर केली. हीटर तीन पाहिले, तिन्ही घरी आणून बादलीत दोन-दोन दिवस चालवले, तापमान वहीत लिहिलं, मग एक ठेवला. दिव्यासाठी चार दुकानं फिरलो. वायरींना असा झोल दिला आहे की बघत राहावं.

वाळू, दगड, पाणी आत गेलं आहे. पण पाण्यात अजून अमोनिया दिसतो. तो पचवणारे बॅक्टेरिया दगडांवर बसायला चार आठवडे तरी लागतील, त्याआधी जीव सोडला तर मरतो. काय कामकरी जात आहे ही! दिसत नाही, मागत नाही, थकते केव्हा कुणाला कळत नाही, आणि ती नसली की सगळं सडतं. घसा असता तर यावर तासभर बोललो असतो.

पाणी रोज थोडं आटतं. जेवढं गेलं तेवढं, जसं गेलं तसं, मोजून परत भरतो. वाटाघाटीत आयुष्यभर हेच केलं.

तेव्हा ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलता येईल का? अर्धवट खोलीत आईला आणायचं मनाला पटत नाही.

राग धरू नकोस, धरलास तर मोठा भाऊ म्हणून थोडा सोड.
दादा

८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तारीख १६ ऑगस्ट मिळाली. सर्जननी विचारलं, खांदा तुमचा आहे ना? मी हो म्हटलं. केस कापून टाकले, शेजारणीला रोज किती त्रास द्यायचा.

आईला आता दोनदा नाही, चारदा कुशीवर वळवावं लागतं. जास्त लिहीत नाही, डोळे मिटतात.

ठकू

६ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

वाईट झालं. गेल्या आठवड्यात चार गोगलगायी आणि प्रवाळाचा एक तुकडा सोडला होता. आज सकाळी चौघी उलट्या पडलेल्या. प्रवाळ मिटून सुरकुतलेल्या मुठीएवढं झालं आहे. रिफ्रॅक्टोमीटर लावला तर बेचाळीस! सुरुवातीला मी समुद्राइतकं, बरोबर पस्तीसवर आणलं होतं. रोज तेवढंच खारं पाणी कालवून भरत होतो, एक दिवस चुकवला नाही. मिठाच्या डब्यातच खोट असणार. दुकानदाराला पाटीवर चार शब्द सुनावले आहेत.

आता सगळं उपसून पहिल्यापासून करावं लागेल. आठ आठवडे धर. मला माहीत आहे मी काय मागतो आहे. पण मेलेल्या टाकीसमोर आईला निजवू कसा? एकदाच, शेवटचं, तारीख पुढे घे.

तुझ्या समजूतदारपणावर माझी सारी भिस्त आहे.
दादा

९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी टाकीचं. मिठात खोट नाही, दुकानदाराची माफी माग. आटतं ते नुसतं पाणी, दादा. मीठ टाकीतच राहतं. तू वर रोज आणखी मीठ घालत होतास. जे गेलं ते गोडं पाणी होतं, तेच भरायचं. तू ३ जुलैच्या पत्रात हे लिहिलंही होतंस; मी पेंगत वाचलं आणि माझ्याही लक्षात आलं नाही, तेवढी चूक माझी. उपसू नकोस. थोडं टाकीतलं काढ, तेवढं आरओचं पाणी घाल, दोनदा रोज. प्रवाळ जगायचं असेल तर जगेल. याला आठ आठवडे लागत नाहीत. पाच दिवस लागतात.

आता माझं. तू तीन हीटर बादलीत चालवून पाहिलेस. आईच्या हवेच्या गादीलाही एक पंप असतो. तो कोणता, किती दाबावर ठेवायचा, बंद पडला तर काय करायचं, हे तू एका पत्रात तरी विचारलंस का? तिला कुशीवर कसं वळवतात? भांडं कसं देतात? खाताना ठसका लागला तर? वायरींना झोल देणारा माझा भाऊ बाहेरच्या खोलीत पलंग कुठला घालणार आहे, हे मला आजवर माहीत नाही.

रुग्णालयांतल्या आयांसाठी तू पंधरा वर्षं भांडलास. आठ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी. टाऊन हॉलमधल्या सभेत तू म्हणालास की दुसऱ्याचं अंग धुणाऱ्या हातांवर हे जग उभं आहे, आणि लोक उभे राहिले. मी मागच्या रांगेत होते, मीही उभी राहिले. मला तेव्हा अभिमान वाटला होता, आजही वाटतो, म्हणूनच एवढं लिहिते आहे. माझी पाळी सहा वर्षं संपलेली नाही, दादा. माझं मागणीपत्र कुणाकडे देऊ?

तुला टाकीची काळजी नाही. तुला भीती वाटते. तसं लिहिलं असतंस तर मला चाललं असतं.

१४ तारखेला सकाळी अकरा वाजता रुग्णवाहिका तुझ्या दारात येईल. टाकीत समुद्र असो नाहीतर कोरडी वाळू. सोबतच्या कागदावर आईचा दिवस लिहिला आहे, सकाळपासून. दोन्ही बाजू वाच.

लोभाचं नंतर बघू.
ठकू

१९ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

भीती वाटत होती, खरं आहे. उचलण्याची नाही. आईला धुवायची. इतकी वर्षं ज्या कामाची थोरवी गायली, ते आपल्या आईचं करताना मला लाज वाटेल, याचीच लाज वाटत होती. भोंग्याला हे एक वाक्य कधी जमलं नाही.

पहिल्या दिवशी भांडं हातात धरून मी पलंगाशी नुसता उभा राहिलो. आईने विचारलं, सभा भरायची वाट बघतोयस का, कारण मला घाई आहे. मग झालं. चादर तीनदा बदलावी लागली. संध्याकाळी संघटनेतल्या आयाबाई आल्या, बोलावलं होतं. चादर दुमडून माणसाला न उचलता कसं वळवायचं ते त्यांनी दाखवलं, मग माझ्याकडून चारदा करून घेतलं. त्यांच्या हक्कांवर मी पंधरा वर्षं बोललो आणि त्यांचं काम त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गादीचा पंप ठीक चालतो. आज ठसका एकदाच. टाकी आईने घटकाभर बघितली, त्यात काही होणार आहे का विचारलं, आणि मग पलंग खिडकीकडे फिरवायला लावला. समोर शिंप्याचं दुकान आहे. कोण कपडे परत करायला येतो आणि काय भांडतो, ते तिला पुरतं. पाणी पस्तीसवर आलं आहे. प्रवाळ उघडलं का, बघायला दोन दिवस झालेलं नाही.

रोज दुपारी मी बसल्या जागी झोपतो. हे तू नोकरी करून सहा वर्षं केलंस.

आता एक विनंती. तीन महिने झाल्यावरही आईला इथेच राहू दे. आयाबाई शिकवतील, मी शिकेन. ती तुझ्याकडे आल्यापासून तुला माहेर राहिलेलं नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. खांदा बरा झाला की ये. चार दिवस माहेरी ये.

लोभाचं तू ठरव, मी वाट बघतो.
दादा

२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी अकरा तास झोपले आणि दचकून उठले, आईला वळवायचं राहिलं म्हणून. पलंग रिकामा बघून रडले, मग परत झोपले.

खांद्याचा पट्टा निघाला की येते. आल्यावर कशाला हात लावणार नाही, आधीच सांगून ठेवते. आईजवळ नुसती बसेन. तसं बसून फार दिवस झाले.

ठकू