कवळीचा आहेर

क्लेडन, लँकेशायर
३ एप्रिल १९३२

ती. सौ. झिलाताईस,
एफीचा सा. न. वि. वि.

दाढेनं माझा जीव नकोसा केलाय. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी. दिवसभर गिरणीत विणायच्या साच्यांवर उभी असते तोवर त्या खडखडाटात निम्मं दुखणं बुडून जातं, पण घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावला की कळ थेट कानात. लवंगेचं तेल लावून लावून जीभ बधिर झाली, दाढ मात्र टक्क जागी. वॉल्टर म्हणतो, तुझ्याजवळ बसलं की नाताळच्या पुडिंगजवळ बसल्यासारखं वाटतं. लग्न तीन महिन्यांवर आलं तरी या माणसाला गोड बोलायला जमत नाही.

क्रॅबट्री डॉक्टरकडे तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला दाराला कुलूप, स्वारी मासे धरायला गेलेली. दुसऱ्या खेपेला दोन तास बाकावर बसवून निरोप आला की आज हात दुखतोय, पुढच्या आठवड्यात या. तिसऱ्या खेपेला त्यानं तोंडात आरसा घातला, पुढचे दातसुद्धा टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाला, साळखात्यातल्या बायका तुम्ही, जन्मभर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढणार, तुमचे दात राहणार कसे? एकेकाच्या मागे लागण्यापेक्षा सगळे एकदम काढून टाक आणि लग्नात नवी कोरी कवळी घालून उभी राहा.

बाबांना तेच हवं होतं. तुला केला तसा मलाही कवळीचाच आहेर करायचा, हे आई गेल्यापासून त्यांच्या मनात आहे. आईचा गाल सुजला होता तेव्हा तिलाही ‘पुढच्या आठवड्यात या’च सांगितलं होतं, आणि पुढचा आठवडा तिला मिळालाच नाही. तिचे दात वेळेवर काढून टाकले असते तर, असं बाबा अजून चुलीपाशी बसून म्हणतात. त्यांच्यापुढे मी काय बोलू? आपल्या गल्लीतल्या निम्म्या मुली अशाच लग्नाला उभ्या राहिल्या आहेत.

पण ताई, माझे बाकीचे दात दुखत नाहीत गं. आणि बोलण्याचं काय? सहाशे साच्यांच्या गोंगाटात आपण सगळ्याजणी ओठांनीच बोलतो आणि ओठांवरूनच वाचतो. दात गेले की ओठांवरचे शब्द बदलत नाहीत ना? तू लग्नानंतर गिरणी सोडलीस, पण तुला ठाऊक असेल. खरं काय ते लिही. तू हो म्हणालीस तर मुकाट्यानं जाईन, नको म्हणालीस तर बाबांशी भांडेन.

एडमंड भावोजींना नमस्कार. तुझी माया माझ्या दाढेपेक्षा टिकाऊ असू दे.

तुझी,
एफी


सँडरिग
१० एप्रिल १९३२

चि. एफीस,
झिलाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि कीवही आली. लहानपणी काटा निघाला तरी तू गल्ली गोळा करायचीस, तशीच अजून आहेस. उगाच बाऊ करू नकोस.

मला कवळी बसवून चार वर्षं झाली. या चार वर्षांत एक दिवस गाल धरून बसले नाही. आमच्याकडे उतरणारे पाहुणे म्हणतात, मालकीणबाई, तुमचे दात म्हणजे मोत्यांची ओळ. परवाच अख्खं सफरचंद खाल्लं. बोलण्याची सवय आठवड्यात होते. आरशासमोर थोडं बोलून पाहायचं, की झालं.

बाबांचं मन मोडू नकोस. माझ्या लग्नात त्यांनी हा आहेर दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटतं, आईला वाचवता आलं नाही तर निदान मुलींना वाचवावं. त्यांच्यापाशी यापेक्षा मोठं द्यायला काही नाही.

जुलैच्या सुटीत अख्खं क्लेडन समुद्रावर लोटेल, पण बाबांना सांग की आमच्या खोल्या यंदाही आधीच भरल्या आहेत. तुझ्या लग्नाला येण्याचा प्रयत्न करीन. ऐन हंगामात शब्द देता येत नाही.

जपून राहा, आणि ताईला विसरू नकोस.

तुझी,
झिला


क्लेडन
२४ एप्रिल १९३२

ती. सौ. झिलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. सफरचंदाचं वाचल्यावर ते म्हणाले, बघ, झिला कशी शहाणी. मग नाक शिंकरत अंगणात गेले.

मागच्या सोमवारी दुखणं असह्य झालं. साचा बंद पडला, तर जॉबर म्हणून बाबाच दुरुस्तीला आले. मी रडताना पाहून त्यांनी मला हाताला धरून क्रॅबट्रीकडे नेलं. त्यानं गुंगीचा गॅस न देताच चिमटा लावला, गुडघा माझ्या खुर्चीला टेकवला आणि ओढलं. घरी येऊन जिभेनं चाचपते तो काय, दुखरी दाढ जागच्या जागी आणि शेजारची धडधाकट दाढ गायब. चोर सोडून संन्याशाला सुळी! परत जाऊन सांगितलं तर म्हणतो, एवीतेवी सगळेच जायचेत, एक आधी गेला तर काय बिघडलं? वॉल्टर त्याला मारायला निघाला होता, मीच अडवलं. दुसरा डॉक्टर गावात आहे कुठे?

ठरलं एकदाचं. १९ मे, गुरुवार. गॅस देणारा माणूस फक्त गुरुवारी येतो. तू लिहिलंस म्हणून हो म्हटलं, नाहीतर कुणाच्या सांगण्यावरून तोंड उघडलं नसतं.

एक विचारू? तू तीन वर्षांत घरी आली नाहीस. मागे आलीस तेव्हा माझ्या हातची काकवीची टॉफीही नको म्हणालीस. तुझ्या मोत्यांना आमच्या गावची हवा बाधते की काय? लग्नाला आली नाहीस तर कायमची कट्टी.

माझ्या काळजीत थोडी काटकसर कर, प्रेमात करू नकोस.

तुझी,
एफी


सँडरिग
१० मे १९३२

चि. एफीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला बसून तीन कागद फाडले. मी तुला खोटं लिहिलं.

सफरचंद मी चार वर्षांत चावलेलं नाही. पहिल्या वर्षातच हिरड्या आक्रसल्या, तेव्हापासून कवळी सरकते, टोचते, रक्त येतं. डॉक्टर बदलले, दर वेळी घासून देतात आणि सवय होईल म्हणतात. एडमंड जेवायला यायच्या आधी मी मोरीजवळ उभी राहून चहात बुडवलेला पाव आणि शिजवून मऊ केलेली वजडी गिळून घेते. मग त्यांच्यासमोर म्हणते, माझं झालं. लग्नापासून आम्ही एका टेबलाशी एकदाही जेवलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी घरी आले होते तेव्हा बाजारात मार्था भेटली. रस्त्याच्या त्या बाजूनं तिनं ओठांनी विचारलं, कशी आहेस. मी ओठांनीच उत्तर दिलं. तिला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. शेवटी ती हसली आणि हात हलवून निघून गेली. जिच्याशेजारी मी सात वर्षं साचे चालवले, तिला माझा एक शब्द वाचता आला नाही. त्या दिवसापासून मी क्लेडनला पाय ठेवलेला नाही. सुटीत आमच्या खोल्या भरलेल्या नसतात गं, तीन तरी रिकाम्या असतात.

खोटं का लिहिलं? बाबांच्या डोळ्यांतलं ते पाणी मला विसरता येत नाही. आणि खरं सांगितलं असतं तर माझं काय झालंय हे सगळ्या गावाला कळलं असतं. मला लाज वाटत होती. तुझ्या दातांपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

जाऊ नकोस. दुखते तेवढी दाढ मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जाऊन काढ, बाकीच्यांना हात लावू देऊ नकोस. बाबांना माझं नाव सांग.

तुझी,
झिला

ता. क. हे पत्र दोन दिवस खणात पडून होतं, टाकायचा धीर होत नव्हता. आज १२ तारीख. अजून आठवडा हातात आहे.


क्लेडन
२२ मे १९३२

ताई,

तुझं पत्र शुक्रवारी, १३ तारखेला आलं. क्रॅबट्रीकडची कुणाची तरी वेळ मोकळी झाली म्हणून मला एक आठवडा आधी, १२ तारखेलाच बोलावलं. पत्र वाचलं तेव्हा माझ्या तोंडात फडकं कोंबलेलं होतं.

सत्तावीस काढले. शेवटचे सहा राहिले असताना गॅस उतरला. मला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं.

आणि जी दाढ दुखत होती तिचं मूळ आतच तुटून राहिलंय. तीच जागा, तीच कळ. क्रॅबट्री म्हणतो, हिरड्या बसू देत, तीन आठवड्यांनी या. कालपासून अंगात ताप आहे. गाल आईसारखा दिसतो, असं बाबा म्हणाले नाहीत, पण त्यांनी आरसा भिंतीवरून काढून ठेवलाय.

वर १० तारीख लिहिलेली मी पाहिली. त्याच दिवशी टाकलं असतंस तर बुधवारी मिळालं असतं.

बाबांना पत्र दाखवलेलं नाही. दरवेळी शेवटी जे लिहिते ते आज लिहवत नाही.

एफी


क्लेडन
२५ मे १९३२

चि. सौ. झिलास,
बाबांचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, समजून घे. एफीला काल वॉल्टरनं आणि मी शहरातल्या दवाखान्यात नेलं. जबडा बाहेरून कापून मूळ काढलं आणि पू काढला. ताप उतरत नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस थांबला असतात तर आणायची गरजच उरली नसती.

आवाज फुटत नाही तिला. ओठ हलवून काहीतरी सांगते. मी तीस वर्षं साळखात्यात जॉबर आहे, शंभर पावलांवरून कुणी मला शिवी दिली तरी ओठांवर वाचतो. पण माझ्या पोरीला काय हवंय ते मला वाचता येत नाही. पाणी नेऊन दिलं तर मान फिरवते.

आईसारखं होऊ नये म्हणून मी हे केलं. हंगाम असला तरी ये.

तुझे,
बाबा


क्लेडन
४ सप्टेंबर १९३२

ती. सौ. झिलाताईस,
एफीचा सा. न. वि. वि.

लग्नाच्या गडबडीत नीट बोलणं झालं नाही. तू जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर चहात पाव बुडवलास, तेव्हा वॉल्टरची आई बघतच राहिली. एडमंड भावोजींनी आपलाही पाव बुडवला आणि म्हणाले, चार वर्षं मी एकटाच कडक पाव चावत बसलो, कुणी मला सांगितलंच नाही. भला माणूस आहे गं तुझा.

जबड्याखालचा व्रण आता पांढरा पडला आहे. कवळी आली. खटखट वाजते, दुपारपर्यंत टोचायला लागते. वॉल्टर माझ्यासाठी बटाटे कुस्करतो. बाबांना सांगितलंय की माझी तरी छान बसली. त्यांना एवढं खोटं आपण दोघींनी जन्मभर सांगायचं.

दवाखान्यात तू आलीस त्या दिवसाविषयी मी आजवर लिहिलं नाही. तीन दिवस मी एकच गोष्ट सांगत होते आणि सगळे मला पाणी पाजत होते. तू दारातून आलीस, कवळी घरी विसरून आलेली, माझ्याकडे पाहिलंस आणि बाबांना म्हणालीस, तिला तुम्ही जवळ बसायला हवे आहात, पाणी नको. तुला कसं वाचता आलं ते मला नंतर कळलं. चार वर्षं आरशात तसलेच ओठ वाचत होतीस तू.

आता आजचं कारण. माझ्या पलीकडच्या साच्यांवर ऑलिव्ह आहे, ऑक्टोबरात तिचं लग्न. तिच्या वडिलांनीही क्रॅबट्रीकडे गुरुवार ठरवलाय. परवा तिनं ओठांनी विचारलं, कसं वाटतं गं कवळीनं? आजूबाजूच्या दहाजणी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आणि ताई, मी हसून म्हणाले, छान. विचारसुद्धा केला नाही, शब्द आपोआप आला. तेव्हा मला तू कळलीस. इतके महिने मनात धरून ठेवलेलं सगळं तिथंच गळून पडलं.

काल सकाळी साचे सुरू झाल्यावर मी कवळी काढून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि ऑलिव्हसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, फक्त दुखतो तो काढ. पहिल्यांदा तिला वाचता आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही, तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिसऱ्यांदा एकेक शब्द सावकाश केला. तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, मग हिरड्यांकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला.

गुरुवारी ती जाईल की नाही, मला माहीत नाही.

लोभ आहे. मे महिन्यात लिहायचा राहिला होता, म्हणून आज लिहिते.

तुझी,
एफी